काळी चारचा हंगाम

दिवाळी संपते न संपते तोच हमरस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर लोंबणारा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे कानठळ्या बसवणारा स्पीकर. साताऱ्यात आमच्या घरापर्यंत साखर कारखान्याच्या मळीचा वास पोचत नाही. तो कराड सोडलं की एसटीच्या खिडकीतून आत येतो. पण मला ट्रॅक्टर नुसता दिसला तरी वास येतो, आणि वास आला की डोकं फिरतं. या दिवसांत लोकांना थंडी आठवते, नवा गूळ आठवतो, शेकोटी आठवते. मला काळी चार आठवते.

पेटीला कधी हात न लावलेल्यांसाठी सांगते. गाणारं माणूस पेटीवरची एक पट्टी आपली म्हणून धरतं, तिला सा मानतं आणि सगळं गाणं तिथून मोजतं. पांढऱ्या पट्ट्या सात, काळ्या पाच. बायकांची म्हणून काळी चार ठरलेली, पुरुषांची काळी एक. कुणी ठरवली, कधी ठरवली, विचारायची सोय नाही. बहुतेक गळ्यांना त्या सोसतातही, ते मी नाकारत नाही. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. माझी पट्टी पांढरी तीन आहे. काळी चारपासून चार घरं खाली. चार घरं ऐकायला थोडी वाटतात. वरच्या गंधारावर जाऊन उभं राहिलं की ती किती आहेत ते कळतं.

यंदा ट्रॅक्टर सुरू झाले आणि त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक जाहिरात येऊन पडली. सांगलीच्या एका नाट्यसंस्थेची. जुनं संगीत नाटक नव्याने बसवणार, ऑडिशनला या, त्यातलंच कोणतंही एक पद, वेळ तीन मिनिटं, ऑर्गन-तबल्याची साथ संस्थेची. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: स्त्री भूमिका, पट्टी काळी चार. पुरुष भूमिका, पट्टी काळी एक. चपलांच्या दुकानात दोनच नंबर ठेवावेत आणि गिऱ्हाइकाला सांगावं, पाय तेवढे बसवून घ्या, तसं हे. संस्था तीच, सव्वीस वर्षांपूर्वी मी जिच्या पायऱ्या चढले होते ती. नाटकही तेच. मी फोन पालथा ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. ते रागारागात इतकं मळलं गेलं की त्या दिवशी एकही भाकरी चिरली नाही.

संध्याकाळी ऋतुजा आली. ही माझी विद्यार्थिनी, कोरेगावकडची. वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. तीन वर्षं माझ्या गाण्याच्या क्लासला येते. क्लासात बारा मुली, सगळ्या एकत्र गातात, त्यात तिचा आवाज कधी वेगळा उठून ऐकू आला नव्हता. तिलाही ती जाहिरात मिळालेली.

"मॅडम, मी जाणार. पद पण ठरवलंय," ती म्हणाली आणि पद सांगितलं. त्या नाटकातलं नेमकं तानांचं, वरच्या पंचमापर्यंत धावणारं, दर स्पर्धेत निम्म्या मुली गातात ते.

"हेच का?"

"टाळ्या याला पडतात ना."

पदं अशी निवडली जातात. कुणी मागच्या वर्षी पहिला नंबर कशाला आला ते बघून निवडतं, कुणी आईला आवडतं म्हणून, कुणी अवघड आहे म्हणून, म्हणजे परीक्षकांना कळावं की आपण अवघड गातो. साडी घेताना या मुली दहा वेळा अंगावर धरून बघतात, आरशात मागून-पुढून बघतात, रंग उजेडात नेऊन बघतात. पद मात्र दुसरीच्या अंगावर चांगलं दिसलं म्हणून उचलतात. ऋतुजाला हे सगळं मी सुनावलं. ती खाली मान घालून ऐकत होती. बोलताना मला आतून लाज वाटत होती, कारण तिच्या वयाची असताना मीही काही वेगळं केलं नव्हतं.

मी तेवीस वर्षांची होते. संगीताच्या परीक्षेसाठी सांगलीला मावशीकडे राहायला गेले होते, गावभागात. सकाळी रियाझ, दुपारी मावशीच्या हातचं भडंग, आणि पाचच्या ठोक्याला त्या संस्थेच्या नाटकाची तालीम, नाट्यस्पर्धेसाठी. तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये चालायची. मागे हळदीचं गोदाम होतं. तिथे पोती हलली की खिडकीतून बारीक पिवळी धूळ यायची आणि सतरंजीवर, ऑर्गनच्या झाकणावर, आमच्या नाकातोंडात बसायची. खिडकी लावली की उकडायचं. उघडली की कुणीतरी शिंकायचं. त्या हॉलचा वास अजून माझ्या एका जुन्या शालीला येतो असं मला वाटतं, घरातल्या इतर कुणाला येत नाही.

दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला पेटीशिवाय गायला सांगितलं. मी माझ्या सुरात विरहाचं एक संथ पद म्हटलं. मास्तरांनी डोळे मिटले, शेवटची ओळ पुन्हा म्हणायला लावली आणि नायिकेची भूमिका मला दिली. तो माझ्या आयुष्यातला फार सुंदर दिवस होता, आणि हे रागाच्या भरातसुद्धा मला लिहिलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ऑर्गन आला. दत्तूअण्णा, संस्थेचे ऑर्गनवादक, पायाने भाता मारत बसले आणि त्यांनी काळी चारचा सा धरला. मी कालचंच पद म्हणायला गेले. दुसऱ्या ओळीत गळा ताणला गेला, चौथ्या ओळीत मान वर झाली.

"मास्तर, जरा खाली घेतलं तर?" मी एकदाच विचारलं, तेही हळूच.

मास्तरांनी माझ्या हातातली नक्कल घेतली. नक्कल म्हणजे नटाला मिळणारी त्याच्या भूमिकेची वही, त्याची वाक्यं आणि पदं तेवढी उतरवलेली. विरहाच्या पदाशेजारी लाल शाईने लिहिलं होतं: काळी चार. मास्तरांनी त्यावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय. नायिकेचा आवाज टिपेला पोचला पाहिजे. तुमचा जरा पुरुषी आहे, तो सुधारावा लागेल." मग त्यांनी दत्तूअण्णांकडे पाहिलं.

"पांढरी तीनात बोटं बसत न्हाईत," दत्तूअण्णा म्हणाले.

"आणि तबला काळी चारचाच आहे," तबलजींनी भर घातली.

वहीत लिहिलेलं, बोटं, तबला. तिघांनी तीन कारणं दिली आणि मला ती तिन्ही पटली. याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. मास्तरांचा नंतर, आधी त्या मुलीचा, जी मान डोलावून वही परत घेत होती.

मग औषधं सुरू झाली. मावशीने हळदीचं दूध दिलं. शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमध आणून दिला आणि तो दाढेखाली धरून झोपायला सांगितलं. एकाने मिरे आणि खडीसाखर, दुसऱ्याने कोमट तूप, तिसऱ्याने आंबट वर्ज्य, चौथ्याने मिठाच्या गुळण्या, त्याही उन्हाला पाठ करून. तालमीतली एक बाई म्हणाली, लग्न झालं की आवाज उघडतो. पंधरा दिवसांत मला गावातला प्रत्येक माणूस गळ्याचा वैद्य असल्याचं कळलं. कुणीही, एकानेही, चार घरं खाली घे असं सांगितलं नाही. मी सगळं केलं. दूध प्यायले, गुळण्या केल्या, पहाटे कृष्णेच्या घाटावर जाऊन टिपेचे सूर ओढले. समोरच्या काठावरच्या उसातून तोडणीचा आवाज यायचा आणि इकडे मी गंधारावर ओरडत असायचे. गाणं म्हणजे सोसणं, असं मला तेव्हा खरंच वाटायला लागलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी पहिला अंक निभावला. दुसऱ्या अंकात विरहाचं पद होतं. अंतऱ्यात वरच्या गंधारावर थांबायचं असतं, चांगलं चार मात्रा. मी तिथे पोचले आणि आवाज फाटला. फाटला म्हणजे कापड फाटावं तसा, मधूनच, आवाजासकट. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी गप्प झाले. ऑर्गन मात्र थांबला नाही. दत्तूअण्णा माझी ओळ वाजवत राहिले, जणू मी गातेच आहे, आणि मी हजार माणसांसमोर तोंड मिटून उभी. आत आले तेव्हा मास्तर कुणाला तरी सांगत होते, "बाईचा आवाजच नव्हे हा." त्यांनी आवाज खाली करायचीही तसदी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याची एसटी धरली. पुढे उसाचे ट्रॅक्टर, कराडपर्यंत गाडी रांगत होती, आणि खिडकीतून तो मळीचा गोडसर कुजका वास. कंडक्टरने कुठं म्हणून विचारलं. मला आवाज फुटेना, मी गाडीच्या पाटीकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी गळ्याला सूज सांगितली आणि दोन महिने मौन. सूज उतरली. स्टेजवर मी पुन्हा गेले नाही. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, क्लास काढला. गाण्याच्या चांगल्या बाई म्हणून नाव झालं. आणि सव्वीस वर्षं मी मनातून मानत आले की मास्तर म्हणाले ते खरं असणार.

ऋतुजाचं तानांचं पद मी चार दिवस ऐकलं. गळ्याच्या शिरा फुगत होत्या, शब्द चावले जात होते. पाचव्या दिवशी वडिलांचा फोन आला म्हणून ती खिडकीशी गेली. काहीतरी बिनसलं असावं. ती त्यांच्याशी भांडायला लागली, "पप्पा, मी सांगितलं ना एकदा, जाणार म्हणजे जाणार," आणि आवाज असा भरून आला, रुंद, खणखणीत, की माझा हात आपोआप पेटीवर गेला. मी पट्ट्या चाचपल्या. माणूस चिडून बोलतं तेव्हा गळ्याची नाटकं बंद असतात. त्याचं घर कुठे आहे ते तेव्हा कळतं. बोट पांढरी तीनवर येऊन थांबलं.

फोन ठेवून ती आली तेव्हा मी पांढरी तीनचा सा धरून बसले होते. "यात म्हण."

तिने म्हटलं. खालच्या पंचमावर तिचा आवाज असा काही ऐकू आला की मी भाता मारायची थांबले. ही मुलगी तीन वर्षं माझ्यासमोर बसत होती.

"मग क्लासात काळी चारमध्ये वरचं कशी गातेस?" मी विचारलं.

ती जरा घुटमळली. "मॅडम, रागावू नका. वरचं मी गात नाही. नुसते ओठ हलवते."

तीन वर्षं. बारा मुली एका पट्टीत बसवलेल्या, कारण एकत्र शिकवायला सोपं पडतं, कारण माझ्या पेटीवरचं बोट सवयीने तिथेच जातं. मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. मास्तरांनी निदान एकदा माझं मूळ गाणं डोळे मिटून ऐकलं होतं. मी तेवढंही केलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझा राग कुणाकडे वळवावा ते मला कळेना, तो फिरून फिरून माझ्याकडेच येत होता. मी तिला चहा करून दिला आणि तानांचं पद बंद म्हणून सांगितलं.

रविवारी तिचे वडील भेटायला आले. भरघोस मिशा, ताठ पाठ, दारातच चपला एका रेषेत लावलेल्या. "आवं मॅडम, पोरगी म्हणती खालचा सूर धरला. वरचा लागत न्हाई म्हणून सोडला काय? प्रॅक्टिस केली की सगळं हुतंय."

मी उसळून काही बोलणार होते. त्याआधी सहज विचारलं, "फौजेत परेडला हुकूम देताना आवाज कुठून काढायचात?"

"पोटातनं," ते लगेच म्हणाले. "गळ्यातनं काढला की दोन दिसात बसतोय. नवी पोरं तेच करायची, उगा किंचाळायची. त्यास्नी मी सांगायचो, वरडू नगंस, जिथनं बोलतोस तिथनंच मोठ्यांदा बोल, मैदानाच्या त्या टोकाला जातंय बघ." बोलता बोलता ते थांबले. लेकीकडे बघितलं. "म्हंजी हिचं बी तेच व्हय?"

"तेच."

"मग धरा खालचा," सुभेदार म्हणाले आणि चहा संपवून उठले. जी गोष्ट एका नाट्यसंस्थेला पिढ्यान्‌पिढ्या कळली नाही ती या माणसाला एका कप चहात कळली.

पदासाठी मी कपाटाच्या वरच्या फळीवरून माझी जुनी नक्कल काढली. ती मला कुणी परत मागितली नव्हती आणि मीही दिली नव्हती. विरहाचं पद काढलं. हे पद बहुतेक मधल्या आणि खालच्या सुरांत राहतं, वर फक्त एकदा, त्या गंधारावर जातं. ऑडिशनच्या तीन मिनिटांत आपण कुठवर चढतो ते दाखवायचं नसतं, आपण कुठे राहतो ते दाखवायचं असतं, असं मी ऋतुजाला सांगत होते. सांगता सांगता पान खिडकीच्या उजेडात तिरकं झालं आणि लाल शाईखाली काहीतरी दिसलं. खोडलेली पेन्सिल. अक्षर पुसलेलं, पण कागदावर दाब राहिलेला. मी चष्मा लावून वाचलं. पांढरी तीन.

मी पहिलं पान उघडलं. तिथे ही वही ज्यांच्या हातून गेली त्यांची नावं होती. शेवटचं नाव माझं. त्याच्या वर विजूताई, माझ्या आधीची नायिका, जिचा बारीक उंच आवाज सांगलीत तेव्हाही लोक आठवायचे. आणि सगळ्यात वर, पुसट पेन्सिलीत, एका पुरुषाचं नाव. त्या काळी बायकांची कामं पुरुष करत. ते नाव मी तेविसाव्या वर्षीही वाचलं होतं आणि काहीही न सुचता पुढचं पान उलटलं होतं. या नाटकातली पहिली नायिका पुरुष होती. हे पद पहिल्यांदा उभं राहिलं ते माझ्या पट्टीत. आणि मला सांगण्यात आलं होतं की माझा आवाज पुरुषी आहे, नायिकेला चालणार नाही. मी तीच दोन पानं पुन्हा पुन्हा उलटत राहिले. ऋतुजाने वही माझ्या हातातून काढून घेतली आणि पाणी आणून दिलं.

ऑडिशनला मी तिच्याबरोबर गेले. कराडपुढे वास आला, या वेळी खरा. सांगलीत तोच हॉल, खिडकीला आता जाळी, हळदीचं गोदाम गेलेलं. मास्तर वारले, त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा बसला होता. ऑर्गनवर मात्र दत्तूअण्णा, ऐंशीच्या घरातले, अंगाने निम्मे झालेले.

ऋतुजा पुढे गेली. "अण्णा, पांढरी तीन द्या."

"जाहिरातीत काळी चार दिलंय," मास्तरांचा मुलगा म्हणाला. "तबलाही त्याच सुराचा आहे."

"तबला नको. नुसता ऑर्गन चालेल," ती म्हणाली. आवाज खाली, स्वच्छ, सुभेदारांच्या लेकीला शोभेल असा.

दत्तूअण्णांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं नाही, मागे भिंतीशी बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मग भाता मारला आणि पांढरी तीन धरली. त्यांची बोटं बसली. एकही चुकली नाही, एकही अडखळली नाही, जणू रोजच्या वाटेने चालत होती. ऋतुजा गायली. गंधारावर गेली, चार मात्रा थांबली आणि सावकाश खाली आली. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण माझे डोळे त्या म्हाताऱ्या बोटांवरून हलत नव्हते.

व्हरांड्यात चहा होता. मी नक्कल त्यांच्यासमोर उघडून धरली. "ही लाल शाई कुणाची?"

"माझीच की," ते म्हणाले. "विजूला ती पट्टी सोसायची, म्हणून लिवली. विजू गेली, शाई ऱ्हायली."

"आणि खालची पेन्सिल?"

"ती माझ्या वडलांची. ते वाजवायचे तवाची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग मला का म्हणालात बोटं बसत नाहीत?"

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. "मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. काय बोलायचं ते कळलं मला. रोज त्यांच्याफुडं बसायचं हुतं."

"माझं गाणं गेलं, अण्णा."

"ठावं हाय मला. त्या दिवशी तू गप झालीस आन् मी वाजवत ऱ्हायलो. थांबाय पायजे हुतं."

इथे मी त्यांना माफ केलं असं लिहिलं असतं तर लेखाला बरं दिसलं असतं. मी केलं नाही. म्हाताऱ्या माणसाचे ओले डोळे बघून माझं मन विरघळलं, असंही झालं नाही. मी कप खाली ठेवला, नक्कल पिशवीत घातली आणि ऋतुजाला म्हटलं, चल, गाडी चुकेल.

सोमवारी क्लासात मी बाराही जणींना एकेक करून समोर बसवलं. पेटी बंद ठेवली. गाऊ नका, म्हटलं, भावाशी भांडता तसं काहीतरी बोला. आधी हसल्या, मग एकेकीने असा काही आवाज काढला की शेजारच्या बाई डोकावून गेल्या. बारापैकी पाच जणी काळी चारच्या नव्हत्याच. त्यातल्या तिघी ओठ हलवत होत्या. मी त्यांची माफी मागितली. त्यांना माफी कशाची ते नीट कळलं नाही.

बुधवारी दुपारी संस्थेचा निरोप आला. सगळ्या निवडलेल्यांचा त्यांनी एक ग्रुप केला होता, पदं बसवायला सोपं जावं म्हणून मलाही त्यात घेतलं होतं. नायिकेच्या भूमिकेसाठी ऋतुजाची निवड. तालमी पुढच्या आठवड्यापासून. पदं नेहमीप्रमाणे, पट्टी काळी चार. मी वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तिला फोन करणार, तेवढ्यात ग्रुपवर तिचा निरोप उमटला. "धन्यवाद. पट्टी पांढरी तीन असेल तर येईन. नाहीतर दुसरी नायिका बघा." बस्स. ना विनंती, ना कारण, ना मोठ्यांचा मान राखून केलेला नमस्कार. मला सव्वीस वर्षांत जे वाक्य सुचलं नव्हतं ते तिने जेवता जेवता टाइप केलं असावं.

तास गेला. कुणी काही बोललं नाही. दुसरा तास गेला. निरोप सगळ्यांनी पाहिल्याचं दिसत होतं. मी स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत होते. ऋतुजाची भूमिका गेली असं मी धरून चालले होते आणि मास्तरांच्या मुलाला काय काय सुनावायचं त्याची मनात जुळणी करत होते. चारच्या सुमारास फोन वाजला. ग्रुपवर दत्तूअण्णांचा आवाजी निरोप. मी तो लावला. त्यात शब्द एकही नव्हता. आधी भात्याची धाप, मग ऑर्गन. विरहाच्या पदाची सुरुवात, संथ, पूर्ण, आणि शेवटी सा लांब धरून ठेवलेला. त्याखाली थोड्या वेळाने मास्तरांच्या मुलाचं एवढंच: "ठीक आहे. या."

मी पेटी काढली. खात्री करायची होती. निरोप पुन्हा लावला आणि शेवटच्या सुराबरोबर पट्टी दाबली. पांढरी तीन. सव्वीस वर्षं उशिरा, आणि माझ्यासाठी नव्हेच. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्याचा स्पीकर भिंतीतून घरात येत होता. मी खिडकी लावली नाही. निरोप तिसऱ्यांदा लावला, म्हाताऱ्याने धरलेल्या सुरावर सा लावला आणि पद म्हणायला लागले. राग होता तसाच होता. त्या रागातच मी गंधारापर्यंत गेले, आणि आवाज कुठेही अडला नाही.